‘सबमिट’ दाबल्यावर काय होते?



यंदाच्या सत्रात शुल्क संकेतस्थळावरून भरण्याची सोय सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात एक आजोबा आमच्या कक्षात आले. नातवाची तिमाही फी भरताना मोबाइलच्या पडद्यावर चक्र नुसते फिरत राहिले, पावती काही येईना. त्यांनी पान ‘रिफ्रेश’ केले. इंग्रजीत काहीतरी विचारणा आली, त्यांनी ‘ओके’ केले आणि पुढची प्रक्रिया पुन्हा पार पाडली. बँकेचे दोन एसएमएस आले. पैसे दोनदा गेले होते.

चारच दिवसांनी नववीतील एका मुलीची आई आली. तिची तक्रार अगदी उलट. एका शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म शेवटच्या रात्री भरला, मुलीचा फोटोसुद्धा पडद्यावर दिसत होता, पण यादीत नावच नाही.

आजोबांचे काम झालेले होते, पण त्यांना झाले नाही असे वाटले. आईचे काम झालेले नव्हते, पण तिला झाले असे वाटले. दोघांपैकी कोणीही निष्काळजी नव्हते. पडद्याच्या मागे काय चालते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही स्वतः हिंदी माध्यमाचे पदवीधर, संगणक पहिल्यांदा हाताळला तो नोकरीत स्थिरावल्यावर. म्हणून शाळेच्या संगणक शिक्षकांसमोर वही घेऊन बसलो आणि जे समजले ते येथे देत आहोत.

आपल्या मोबाइलमध्ये किंवा संगणकात असतो तो ब्राउझर. दूर कुठेतरी, मुंबईत किंवा सिंगापुरातही, रात्रंदिवस चालू असलेला दुसरा संगणक असतो, तो सर्व्हर. फीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम आणि नोंदींचे रजिस्टर त्या दुसऱ्या ठिकाणी असते, आपल्या हातात नव्हे. वर्गातून बाई एखाद्या मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला ऑफिसात पाठवतात आणि तो उत्तर घेऊन परत येतो, तसाच हा व्यवहार. ब्राउझर चिठ्ठी पाठवतो, सर्व्हर उत्तर देतो. या चिठ्ठ्या लिहिण्याच्या पद्धतीला एचटीटीपी म्हणतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये जो प्रस्ताव मांडला, त्यातून पुढे ती निघाली.

सुरुवातीला सर्व्हर फक्त ठेवलेला कागद काढून देई. 1993 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रातून ‘सीजीआय’ नावाची रीत आली. चिठ्ठी आली की सर्व्हरने एखादा प्रोग्राम चालवायचा आणि त्याचे उत्तर पाठवायचे. रेल्वेचे तिकीट, परीक्षेचा निकाल, शाळेची फी, सगळे याच वाटेने आले.

आता मुख्य गोष्ट. चिठ्ठ्यांचे प्रकार बरेच आहेत, पण आपल्या कामाचे दोन. एक ‘गेट’, म्हणजे ‘अमुक दाखवा’. निकालाचे पान दहा वेळा उघडले म्हणून गुण वाढत नाहीत आणि कमीही होत नाहीत. (वाढले असते तर मुलांनी शोधून काढलेच असते!) दुसरा ‘पोस्ट’, म्हणजे बहुधा ‘अमुक करा’: नोंद करा, पैसे घ्या. ही चिठ्ठी दोनदा गेली तर काम दोनदा होऊ शकते. रिफ्रेश केल्यावर ब्राउझर त्यासाठीच विचारतो, ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का?’ आजोबांना इंग्रजीत विचारले गेले ते हेच.

पण चक्र फिरत का राहिले? चिठ्ठीच्या प्रवासाचे तीन टप्पे असतात: जाणे, तिकडे काम होणे, उत्तर परत येणे. नेटवर्क पहिल्या टप्प्यात तुटले तर काम झालेलेच नसते. तिसऱ्या टप्प्यात तुटले तर काम पूर्ण झालेले असते, फक्त निरोप वाटेत हरवतो. ब्राउझरला मात्र दोन्ही वेळी सारखेच दिसते, उत्तर आले नाही एवढेच. म्हणजे उत्तर न येणे याचा अर्थ ‘नाही’ असा नसून ‘ठाऊक नाही’ असा आहे. अशा वेळी पुन्हा बटण दाबू नये. आधी बँकेचा एसएमएस आणि संकेतस्थळावरील ‘माझे व्यवहार’ हे पान पाहावे.

आईच्या बाबतीत वेगळेच घडले. एचटीटीपीला स्मरणशक्ती नसते, प्रत्येक चिठ्ठी सर्व्हरला नवीनच. खजराना गणपतीला चपला ठेवल्यावर आपल्याला टोकन मिळते ना, तसे सर्व्हर ब्राउझरला एक टोकन देतो आणि ब्राउझर ते प्रत्येक चिठ्ठीसोबत दाखवतो. त्यालाच कुकी म्हणतात, नेटस्केप कंपनीच्या लू मोंटुली यांनी ती 1994 मध्ये आणली. या टोकनाला बहुधा मुदत असते. आईने फॉर्म उघडला, मधे स्वयंपाक, जेवणे झाली, तेवढ्यात मुदत संपली. तिने भरलेली अक्षरे आणि फोटो तिच्याच मोबाइलमध्ये होते, सर्व्हरकडे काहीच पोचले नव्हते. बटण दाबल्यावर लॉगिनचे पान पुन्हा आले. तिला वाटले, झाले काम.

1999 नंतर पान न बदलता मागच्या मागे छोट्या चिठ्ठ्या पाठवण्याची सोयही ब्राउझरमध्ये आली. जीमेलमध्ये पत्र लिहिताना मसुदा आपोआप जतन होतो तो त्यामुळेच. पण प्रत्येक फॉर्ममध्ये ती सोय नसते. अर्ज क्रमांक पडद्यावर येईपर्यंत फॉर्म भरला असे समजू नये.

दोष सगळा पालकांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. आमच्या फीच्या प्रोग्राममध्ये एक उणीव होती: दर वेळी बटण दाबले की तो नवा व्यवहार क्रमांक काढत असे. वास्तविक सर्व्हरने एका हप्त्याला एकच क्रमांक द्यावा आणि त्याच क्रमांकाची चिठ्ठी पुन्हा आली तर पैसे न घेता जुनी पावती दाखवावी. ही दुरुस्ती करून घेतली आहे. शिवाय आता बँकेकडचा सर्व्हर शाळेच्या सर्व्हरला थेट कळवतो. मध्येच तुमचा मोबाइल बंद पडला तरी पावती तयार होते.

खात्यातून पैसे गेले पण शाळेला पोचल्याचा निरोपच आला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमाप्रमाणे यूपीआय किंवा कार्डाने ऑनलाइन भरलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. आजोबांचे दोन्ही व्यवहार शाळेला पोचले होते, म्हणून तो नियम तेथे लागू नव्हता. त्यांची जास्तीची रक्कम विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्हीच परत केली.

मुलीच्या फॉर्मसाठी आम्ही परीक्षेच्या कार्यालयाला दोनदा पत्र लिहिले. मुदत संपल्यावर नोंद होत नाही, असे उत्तर आले. ती यंदा बसू शकली नाही. अशा फॉर्मसाठी शाळेच्या ऑफिसात आता एक संगणक वेगळा ठेवला आहे. शनिवारी 11 ते 1 या वेळेत कोणीही पालक येऊन, शिक्षकांना शेजारी बसवून फॉर्म भरू शकतात. येताना मुलाचा फोटो आणि आपला मोबाइल आणावा, ओटीपी त्यावरच येतो.