परसाला पत्रा नको, जाळी लावा

कोकणातल्या मोहल्ल्यांत घराची ओटी पाहुण्यांची आणि परस बायकांचं. मासळी साफ करणं, तांदूळ वाळवणं, मेंदी वाटणं, असरच्या नमाजनंतर शेजारणीशी दोन शब्द बोलणं, सारं मागच्या दारी. तिथला जांभ्याचा गडगा जेमतेम छातीभर उंच, शेवाळलेला, कुठं कुठं ढासळलेला. पलीकडे नारळीची बाग होती तोवर तेवढा पुरत होता. आता बागेच्या जागी दोन मजली घर उठलं, आणि परसात बसणाऱ्या आया-बहिणी हळूहळू आत गेल्या. घरातल्या पुरुषांच्या हे लवकर ध्यानात येत नाही. आलंच तर उपाय ठरलेला: निळा पत्रा, नाहीतर हिरवं नेट.

पत्र्यानं पडदा होतो, पण परस बसण्याजोगं राहत नाही. वारा अडतो, एप्रिल-मेमध्ये पत्रा तापून भट्टी होते. शिवाय सलग आडोसा वाऱ्याचा सगळा दाब अंगावर घेतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि दापोलीकडे पत्रे कसे उडाले, ते पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. फटी असलेला आडोसा वाऱ्याला वाट देतो, म्हणून तो टिकतो.

पडदाही हवा आणि वाराही हवा, हा प्रश्न आपल्याआधी पुष्कळांनी सोडवला आहे. कैरोच्या जुन्या घरांतल्या लाकडी जाळ्यांना मश्रबिया म्हणतात. कातलेले छोटे तुकडे एकमेकांत गुंतवून, खिळा न मारता त्या जोडलेल्या असत. तिथल्या १६४८ साली बांधलेल्या बैत अल-सुहैमी या घरात त्या आजही पाहायला मिळतात. जाळीपाशी पाण्याची मडकी ठेवायची रीत होती. वाऱ्यानं पाणी गार व्हायचं, आणि पाण्यावरून येणारा वाराही. नावाचं मूळ ‘पिणे’ या अर्थाच्या अरबी धातूत आहे असं एक मत त्यावरूनच पडलं. जुन्या जेद्दाच्या अल-बलद भागातही घरांना अशाच लाकडी जाळीच्या मोठ्या खिडक्या आहेत आणि त्यांच्यासाठी हिंदुस्थानातून सागवान जात असे. पूर्वी जहाजानं हजला गेलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या जाता-येता पाहिल्या असणार.

मात्र खिडकीतली जाळी जशीच्या तशी परसात उभी केली तर काम होत नाही. खोलीत अंधार आणि बाहेर उजेड असतो, म्हणून आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. परसात दोन्हीकडे सारखाच उजेड. तिथं नक्षीच्या भोकांतून दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. म्हणून परसात दुहेरी जाळी करावी. चौकटीच्या एका अंगाला दोन इंच रुंदीच्या उभ्या पट्ट्या, मध्ये दीड-दीड इंचाची फट सोडून. आणि चौकटीच्या दुसऱ्या अंगाला तशाच पट्ट्या, पण बरोबर पहिल्यांच्या फटींसमोर. सरळ नजर कुठूनच जात नाही. वारा मात्र दोन थरांमधून वळून आत येतो. पट्ट्या उभ्याच हव्यात, आडव्यांवर पावसाचं पाणी बसून राहतं.

लाकूड बहुधा घरातच असतं. कौलं काढून सिमेंटचे किंवा लोखंडी पत्रे घातलेल्या घरांत जुन्या रिपा पडवीत रचून ठेवलेल्या असतात, कधीतरी जाळायला म्हणून. त्या सागवानाच्या असतील तर जाळू नका. साठ-सत्तर वर्षं छपराखाली वाळलेलं असं लाकूड आज वखारीत मिळणं कठीण. प्रत्येक रीप ठोकून पाहा, पोकळ आवाज आला किंवा पिवळसर भुसा गळला तर बाजूला टाका. जुने खिळे आधी काढा, नाहीतर सुतार रंधा लावायला तयार होणार नाही, आणि ते बरोबरच आहे. विकत घ्यायचं तर सागवान किंवा फणस घ्या. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं, पण उघड्यावर टिकत नाही.

वीस फूट लांबीसाठी पाच-पाच फुटांचे चार कप्पे. जाळीची उंची साडेसहा फूट: खालचे साडेपाच फूट दुहेरी पट्ट्या, वरचा एक फूट नक्षी. पट्ट्यांना एकूण साडेसातशे फुटांच्या आसपास रीप लागते. वरच्या फूटभरात अष्टकोनी तारा बसवा. सहा इंचांचा एक चौकोन, त्यावर तेवढाच दुसरा कोनावर फिरवलेला, की झाला तारा. गुण्या लावून, जोडावर अर्धी-अर्धी खाच पाडून बसवला तर दोन्ही चौकोन एका पातळीत येतात. हे काम गावच्या सुताराला जमतं. नक्षी मशीनवर कापून आणलेल्या पातळ प्लायची असेल तर दुसऱ्या पावसाळ्यात थर सुटतात.

जाळी गडग्याला टेकवू नका. मातीत रचलेला जुना गडगा तिचं वजन पेलणार नाही, आणि ओल व वाळवी तिथूनच लाकडात शिरते. सहा इंच आत, आपल्याच हद्दीत, दोन फूट खोल काँक्रीटमध्ये लोखंडी चौकोनी खांब उभे करा आणि लाकूड जमिनीपासून तीन इंच वर ठेवा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरा, खाऱ्या हवेत साधे खिळे गंजून लाकूड काळं पडतं.

खड्डे खणण्याआधी शेजाऱ्याला सांगायला जा. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये आलेल्या हदीसचा आशय असा, की शेजारी आपल्या भिंतीत लाकूड बसवू पाहत असेल तर त्याला अडवू नये. हा हुकूम सक्तीचा की सौजन्याचा, यावर इमामांत मतभेद आहेत. पण ज्या दीननं भिंतीतल्या लाकडापर्यंत शेजाऱ्याचा विचार केला, त्याचे अनुयायी गडग्यावरून कोर्टात जातात, हे आपल्याकडचं नित्याचं चित्र. त्याच्या स्वयंपाकघराचा उजेड अडणार असेल तर त्या कप्प्यात फटी जरा मोठ्या ठेवा. हद्दीचा वाद आधीपासूनच असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी झाल्याशिवाय कुदळ मारू नये.

लाकडाला पॉलिशपेक्षा उकळलेलं जवसाचं तेल बरं. पट्ट्यांची कापलेली टोकं दोन-तीनदा पाजा, पाणी तिथूनच शिरतं. दरवर्षी मेमध्ये एक हात द्यावा. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

राहिली वरच्या मजल्याची खिडकी. साडेसहा फुटांची जाळी तिला अडवत नाही. म्हणून उरलेल्या लाकडाचा बाक करा आणि तो अंगणाच्या मध्ये नव्हे, जाळीला लागून ठेवा. जाळीपासून तीन फुटांच्या आत बसलेल्या माणसापर्यंत वरून येणारी नजर सहसा पोचत नाही. त्यापलीकडची जागा झाकायची तर वर चार काठ्यांचा मांडव घालून दुधीचा वेल चढवावा.