नुसता दम लावून सिक्स जात नाही. टेनिस क्रिकेटच्या पोरांसाठी घरच्या घरी चार सराव

कोपर (डोंबिवली) : भातकापणी झाली की ठाणे-रायगड पट्ट्यात मोकळ्या शेतात पिच तयार होतात, टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आयएसपीएल ही लीग पहिल्यांदा भरली आणि गावच्या पोरांनाही पुढचा रस्ता दिसला. पण सराव म्हणजे नुसती मॅच, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. मॅचमध्ये वाट्याला येतात पाच-सहा बॉल. तेवढ्यात चूक सुधारत नाही.

फटक्याची ताकद कुठून येते?
नुसत्या हातातून नाही. आधी वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर येतं, मग कंबर फिरते, मग खांदे आणि शेवटी हात व बॅट. हा क्रम चुकला की बॉल उंच उडतो आणि सीमेच्या आतच कॅच जातो. त्यात टेनिस बॉल हलका. टप्प्यानंतर उसळतो जास्त, वेग मात्र कमी होतो. घाई केली की बॅट बॉलच्या आधीच निघून जाते.

सराव असा करावा
१. बॉलशिवाय हळू स्विंग : २० वेळा. डोकं स्थिर, क्रम बरोबर.
२. ठेवलेला बॉल : बाटलीत वाळू भरून तोंडावर बॉल ठेवावा. बाटली न पाडता फक्त बॉल मारायचा. बेसबॉलवालेही दांड्यावर बॉल ठेवून असाच सराव करतात.
३. मोज्यातला बॉल : झाडाला गुडघ्याच्या उंचीवर टांगावा. बॉल सरळ मागे-पुढे झुलला तर बॅट सरळ आली. गोल फिरला तर आडवी.
४. बाजूने टाकलेला बॉल : जोडीदाराने समोर नाही, बाजूला बॅटच्या टप्प्याबाहेर बसून हळू बॉल टाकावा.

ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन लहानपणी घरामागे गोल्फ बॉल भिंतीवर आपटून स्टंपने मारायचे. त्यालाही कोच लागला नव्हता.

मोबाईल कामाला लावा
बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढावा. कंबरेआधी हात फिरताना दिसले तर पुन्हा पहिल्या सरावावर यावं.

स्विंग करताना मागे लहान मूल नाही ना, हे आधी बघावं. खांदा किंवा कंबर दुखली तर त्या दिवशी बॅट खाली ठेवावी. दुखण्यावर जोर काढला तर अख्खा सीझन घरी बसावं लागतं.