त्रैक्य : एक शब्द आणि पंडिता रमाबाईंची हरकत

मराठीत ख्रिस्ती धर्माची ओळख करून देणाऱ्या लेखनात एक वाक्य हमखास भेटते : आपल्याकडे जशी ब्रह्मा-विष्णू-महेश ही त्रिमूर्ती, तसे त्यांच्याकडे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. हे वाक्य लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परक्याचा देव आपल्या ओळखीच्या चौकटीत बसवला की परकेपणा कमी होतो. पण या तुलनेत ख्रिस्ती माणूस जे मानतो ते नेमके निसटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका मराठी विदुषीने याच सिद्धांताशी उघड झगडा केला होता. त्या झगड्याचे मोलही या तुलनेमुळे कळेनासे होते.

आमच्या भागात त्रिमूर्तीपेक्षा दत्त अधिक जवळचा. चाकूरहून माहूरला जाणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दत्ताच्या कथेत तीन देवांचे अंश अत्री-अनसूयेच्या पोटी एकत्र येतात. म्हणजे तिघे आधी वेगळे असतात, मग त्यांचा एक होतो. त्रिमूर्तीत कामे वाटलेली असतात : एकाने निर्माण करायचे, दुसऱ्याने सांभाळायचे, तिसऱ्याने संहार करायचा. ख्रिस्ती सिद्धांतात यांपैकी काहीच नाही. तिथे तिघे मिळून एक झालेले नाहीत आणि कामांची वाटणीही नाही. सृष्टी निर्माण करण्यात तिघेही आहेत आणि तारण्यातही तिघेही आहेत.

मग सिद्धांत काय आहे? तो तीन विधानांत मांडता येतो. पहिले, देव एकच आहे. दुसरे, पिता पूर्णपणे देव आहे, पुत्र पूर्णपणे देव आहे, पवित्र आत्माही पूर्णपणे देव आहे. तिसरे, पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, आत्मा म्हणजे पिता नव्हे. अडचण ही की कोणतीही दोन विधाने घेतली तर गाडी सुरळीत चालते, तिसरे जोडले की अडते. पहिले सोडले तर तीन देव होतात. दुसरे सोडले तर पुत्र हा देवाने निर्माण केलेला, सर्वांत थोर पण शेवटी एक जीव ठरतो. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरियसने असेच सांगितले. तिसरे सोडले तर एकच देव वेळप्रसंगी तीन सोंगे घेतो असे होते. चर्चने हे तिन्ही मार्ग नाकारले. त्यामुळे ‘देवाची तीन रूपे’ असे आपण लिहितो तेव्हा चर्चने चुकीचे ठरवलेले मतच त्याच्या नावावर खपवतो.

हा गुंता तत्त्वज्ञांनी बसून रचलेला नाही. येशूचे पहिले अनुयायी ज्यू होते आणि देव एकच हे त्यांच्या रोजच्या प्रार्थनेतले वाक्य होते. तरीही ते येशूला प्रभू म्हणून प्रार्थना करू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा आहे. तिथे तीन नावांसाठी ‘नाव’ हा शब्द मात्र एकवचनी आहे. उपासना आधी सुरू झाली, तिचा अर्थ लावण्याचे काम मागाहून आले. ‘ट्रिनिटी’ हा शब्द बायबलमध्ये नाही. लॅटिनमध्ये तो कार्थेजच्या तर्तुलियनने इ.स. २००च्या सुमारास रूढ केला. सन ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया येथे धर्माध्यक्षांची परिषद बोलावली. पुत्र हा पित्याशी ‘एकाच सत्तेचा’ आहे, तो जन्मलेला आहे, घडवलेला नाही, असे तिथे ठरले. पवित्र आत्म्याविषयीचा भाग ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत वाढला.

ठरले खरे, पण शब्दांनी छळणे सोडले नाही. ग्रीकांनी एकतेसाठी ‘औसिया’ आणि तिघांसाठी ‘हायपोस्टॅसिस’ हे शब्द हळूहळू वेगळे केले. नायसियात तर दोन्ही जवळपास एकाच अर्थाने वापरले होते. त्यात ‘हायपोस्टॅसिस’चे अक्षरशः लॅटिन रूप ‘सब्स्टान्शिया’. ग्रीक माणूस ‘तीन हायपोस्टॅसिस’ म्हणाला की लॅटिन माणसाला तीन वेगळी द्रव्ये ऐकू येत. उलट लॅटिन माणूस तिघांना ‘पर्सोना’ म्हणे तेव्हा ग्रीकाला नाटकातला मुखवटा आठवे. एकाला दुसरा तीन देव मानणारा वाटे, दुसऱ्याला पहिला सोंगे मानणारा. दोघे बहुधा एकच गोष्ट सांगत होते.

आपल्या भाषेतही हेच घडले. इंग्रज येशूसंघी थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा तो ग्रंथ आहे. त्याने पुराणाची चाल घेतली, ओवी घेतली, मराठीचे वैभव घेतले, पण चर्चच्या काही खास संज्ञा पोर्तुगीजच ठेवल्या. संस्कृत शब्द घ्यावा तर त्याच्यासोबत त्याचा जुना अर्थही येतो, ही धास्ती त्यामागे दिसते. पुढे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आणि मराठी ख्रिस्ती लेखकांनी संस्कृत शब्द घेतले. ‘त्रैक्य’ हा त्यांपैकी एक. संधीच्या नियमाने तो ‘त्र्यैक्य’ व्हायला हवा, पण जिभेने त्याला सोपे केले. शब्द म्हणून तो मला चांगला वाटतो. ‘त्रिमूर्ती’चा भर मूर्तींवर, ‘त्रैक्या’चा भर ऐक्यावर. पण तिघांना म्हणायचे काय? ‘व्यक्ती’ म्हणावे तर मराठी कानाला रामराव, श्यामराव आणि गणपतराव असे तीन स्वतंत्र इसम दिसतात. ‘रूप’ म्हणावे तर सोंगाकडे घसरण होते. ‘आत्मा’ तर सर्वांत अवघड. हिब्रू आणि ग्रीकमधील मूळ शब्दांचा अर्थ वारा, श्वास असा आहे. देवाकडून येणारा, माणसात जीव फुंकणारा. ज्ञानेश्वरी ऐकत वाढलेल्या माणसाला आत्मा म्हणजे आपलेच खरे स्वरूप. तो बाहेरून येतो हे त्याला पटणार कसे?

या पार्श्वभूमीवर रमाबाईंकडे पाहावे. वाचकांना त्यांचे चरित्र ठाऊक आहेच. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी, जन्म १८५८चा. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. पती गेल्यावर १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यावर काशीच्या नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचा मोठा प्रभाव होता. षड्‌दर्शनांचे खंडन करणारे हे चित्पावन पंडित १८४८ मध्येच ख्रिस्ती होऊन नेहेम्या झाले होते.

बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांच्या आत रमाबाईंचा आणि मठातील सिस्टर जेराल्डीन यांचा वाद पेटला. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील याही पत्रव्यवहारात आल्या. ही पत्रे १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. तालुक्याच्या गावी राहून अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला अशी सरकारी प्रकाशने फार मोठा आधार असतात. मी ती पत्रे अनेकदा वाचली आहेत.

रमाबाईंचा मुद्दा थोडक्यात असा. मी येशूला ख्रिस्त मानते, त्याची शिकवण मानते. पण बायबलात ज्या शब्दांत सांगितलेले नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मी मानणार नाही. त्यांची मुख्य हरकत अथनेशियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंथवाक्यावर होती. हे पंथवाक्य अथनेशियसचे नाही, ते नंतरचे आणि लॅटिन आहे. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे ते ठरावीक सणांना म्हणायचे असे. त्यात पिता अगम्य, पुत्र अगम्य, आत्मा अगम्य आणि तरी तीन अगम्य नव्हेत, एकच अगम्य असे येते, आणि हे न मानणाऱ्याचा सर्वनाश होईल असेही येते. लॅटिन मुळात इथे ‘अपरिमित’ या अर्थाचा शब्द आहे. जुन्या इंग्रजीतही ‘ज्याला कशात सामावता येत नाही’ असाच अर्थ होता. एकोणिसाव्या शतकापर्यंत तो ‘न समजणारा’ एवढाच उरला होता. जे समजत नाही ते मानले नाही तर नाश, अशी ती धमकी वाटावी यात नवल नाही.

रमाबाईंना तशी धमकी नवी नव्हती. स्त्रियांना आणि शूद्रांना मोक्ष नाही असे सांगणारी शास्त्रे त्यांना मुखोद्गत होती. त्या अधिकारातून त्या मोठ्या कष्टाने बाहेर पडल्या होत्या. आता दुसऱ्या अधिकाराने आणि दुसऱ्या भाषेत ‘विचारू नकोस, मान’ म्हटले तर त्या गप्प बसणार नव्हत्या. पाद्री किंवा धर्माध्यक्ष यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द स्वीकारायला मी बांधील नाही, असे त्यांनी १८८५ मध्ये जेराल्डीन यांना बजावले. मनोरमेला काय शिकवले जावे हाही या वादाचा भाग होता. शिवाय त्याच सुमारास रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातले धर्माध्यक्ष हरकती घेत होते. सिद्धांताचा वाद आणि अधिकाराचा वाद वेगळे काढता येत नव्हते.

तरीही रमाबाईंची हरकत पूर्ण उत्तर नव्हे, हे मान्य करायला हवे. त्यांना समोर आलेला सिद्धांत हा कोड्यासारखा, सूत्रांत आवळलेला होता. त्यामागचा विचार वेगळा आहे. चौथ्या शतकातल्या वादात खऱ्या अथनेशियसने एक साधा मुद्दा मांडला होता : देव जर अनादी काळापासून पिता असेल, तर पुत्रही अनादीच असला पाहिजे. आपल्याकडे घरात पहिले मूल झाले की बापाचाही जन्म होतो. मुलाशिवाय बाप हे नावच लागत नाही. म्हणजे पिता आणि पुत्र ही द्रव्यांची नावे नाहीत, नात्याची नावे आहेत. पुढे ऑगस्टीनने हाच धागा लांबवला. तीन म्हणजे तीन वस्तू नव्हेत, एकाच सत्तेतील तीन नाती. देवाला प्रेम करायला जग निर्माण होण्याची वाट पाहावी लागली नाही, प्रेम त्याच्या आतच होते, हा या सिद्धांताचा गाभा आहे. तर्कापेक्षा नात्याच्या भाषेत तो आपल्या लोकांना अधिक कळेल असे मला वाटते.

बंगालमध्ये दुसरी वाट शोधली गेली. केशवचंद्र सेन यांनी १८८२ मध्ये आणि ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी १८९८ मधील संस्कृत स्तोत्रात त्रैक्याला सच्चिदानंद म्हटले : सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र, आनंद म्हणजे पवित्र आत्मा. तुलना म्हणून ती त्रिमूर्तीपेक्षा कितीतरी खोल आहे, कारण ती एकापासून सुरू होते. पण वेदान्तातले सत्, चित् आणि आनंद एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांवर प्रेम करत नाहीत. त्यांच्यात नाते नाही. ऐक्य हाती आले, नाते मात्र सुटले.

रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. १८९१च्या सुमारास आपल्यात आंतरिक बदल झाला. तोवर ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाचे त्यांनी १९०७च्या आत्मनिवेदनात लिहिले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणत होत्या. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना ते स्वतः वाचता यावे, आणि जुन्या धर्मकल्पनांचे ओझे वाहणारे संस्कृत शब्द शक्यतो टाळावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९२२ मध्ये त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मला या दोन गोष्टींत एकच बाई दिसते. सत्तावीस वर्षांची रमाबाई, जिने न समजलेल्या शब्दावर सही करायला नकार दिला. आणि साठीची रमाबाई, जी दुसऱ्या कुणा बाईवर तशी वेळ येऊ नये म्हणून एकेक शब्द तपासत बसली होती. त्रैक्य मानावे की न मानावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पण शेजाऱ्याची श्रद्धा सांगताना ती त्याला ओळखू येईल अशा शब्दांत सांगावी, एवढे तरी लिहिणाऱ्याच्या हातात आहे. ‘तीन रूपे’ आणि ‘त्यांची त्रिमूर्ती’ हे शब्द आपण त्यासाठी सोडायला हवेत.