मातीतील जीवनकलह

मृगाची पहिली सर कोसळली, की तापलेल्या भुईतून सुगंध दरवळू लागतो. हा मृद्गंध मुख्यतः मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंमुळे निर्माण होतो. चिमूटभर मातीत असे कोट्यवधी सूक्ष्म जीव नांदत असतात.

अन्न थोडे आणि खाणारे फार, अशी तेथील स्थिती असते. गळून पडलेल्या एका पानावर अनेकांचा डोळा असतो. या जीवांना नखे नाहीत, दात नाहीत. म्हणून त्यांपैकी काही जण विषारी द्रव्ये बाहेर सोडतात. त्यांमुळे शेजाऱ्यांची वाढ खुंटते. परंतु मातीत केवळ कलहच चालतो असे नाही. मृद्गंधाने आकृष्ट होऊन उड्या मारणारे बारीक प्राणी तेथे येतात, स्ट्रेप्टोमायसिसवर पोट भरतात आणि अंगाला चिकटलेली त्याची बीजुके दूरवर नेतात. एकाला अन्न मिळते, तर दुसऱ्याला प्रवास घडतो.

जिवाणूंप्रमाणे बुरशीजवळही असे शस्त्र असते. 1928 साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना काचेच्या बशीत उगवलेल्या बुरशीभोवतालचे जंतू नाहीसे झालेले दिसले. बुरशीतून पाझरणाऱ्या त्या द्रव्यास त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. पेनिसिलिन जंतूंना आपल्या पेशींभोवतीची भिंत बांधू देत नाही. मानवी पेशींना अशी भिंतच नसल्यामुळे त्या सुरक्षित राहतात.

1954 साली भारत सरकारने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा कारखाना स्थापन केला आणि 1955 साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. मोठमोठ्या टाक्यांत साखर व हवा पुरवून बुरशी वाढवली जाई. तेथे दुसरा जीव शिरला, तर मातीतील झुंज टाकीतही जुंपेल आणि सारे श्रम वाया जातील. म्हणून टाक्या अगोदर निर्जंतुक कराव्या लागत. 1961 साली तेथील संशोधकांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध प्रसिद्धीस आणले. ते ज्या जीवापासून मिळाले, त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! मृद्गंध देणाऱ्या कुळातील एका जीवाच्या नावात पिंपरी गाव असे अमर झाले.

तथापि ही झुंज संपलेली नाही. काही जंतू पेनिसिलिनचे तुकडे करणारे द्रव्य तयार करतात. औषधाने दुबळे जंतू मरतात. जे तगतात त्यांना मोकळे रान मिळते आणि त्यांचीच प्रजा वाढते. गरज नसताना औषध घेतले, किंवा ते सांडपाण्यावाटे नदीत मिसळले, तर अशा चिवट जंतूंचेच फावते. मग खऱ्या आजाराच्या वेळी तेच औषध निरुपयोगी ठरते.

मातीतील जीवांनी युगानुयुगे घडवलेले हे शस्त्र माणसाच्या हाती आले आहे. ते बोथट होऊ न देणे हे आता माणसाचे काम आहे.