हळदीचा कागद आणि लोणारचं पाणी

निघताना आईने औक्षणाचं सगळं सामान एका स्टीलच्या डब्यात भरून घेतलं: निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, अक्षता, हळद-कुंकवाची कोयरी. लेकीने स्वतःच्या दप्तरात दोनच वस्तू ठेवल्या. एक लोहचुंबक आणि हळद लावून वाळवलेल्या कागदाच्या चार पट्ट्या. बाराव्या वाढदिवसाला हॉल नको, केक नको, मला लोणार दाखवा, असं तिने दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पहाटेच छत्रपती संभाजीनगर सोडलं.

जालन्याच्या पुढे सिंदखेडराजाला आईने गाडी थांबवायला लावली. जिजाऊंच्या माहेरचं गाव आहे, नातीच्या वाढदिवशी तसंच पुढे कसं जायचं, हे तिचं म्हणणं. १२ जानेवारी दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे जयंतीचे मांडव उभे राहत होते, कमानी बांधल्या जात होत्या. लखुजी जाधवरावांचा राजवाडा आज भग्न आहे, पण त्याचं भक्कम प्रवेशद्वार पाहिलं की या घराण्याचा दबदबा कळतो. १५९८ साली इथेच जिजाऊंचा जन्म झाला. जन्मस्थानी माथा टेकवून निघालो. सिंदखेडराजा नीट पाहायचं तर अख्खा दिवस हवा. तो पुन्हा कधीतरी काढायचा, असं ठरलं.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे. संभाजीनगरहून साधारण दीडशे किलोमीटर. वाटेत कापूस, तूर, हरभरा, सगळी सपाट काळी जमीन. गावात शिरलो तरी इथे काही अचाट आहे असं वाटत नाही. मग काठावर येऊन उभं राहिलं की पायाखालची जमीन एकदम संपते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची, जवळपास दीडशे मीटर खोल वाटी. उतारावर दाट झाडी आणि तळाशी शांत, हिरवट पाणी. लेक बराच वेळ काहीच बोलली नाही. मग विचारलं, "बाबा, हे एका दगडाने केलं?"

दगडानेच केलं, आकाशातून पडलेल्या उल्केने. पण हे सिद्ध व्हायला फार काळ गेला. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, त्यानंतर कित्येक दशकं हा विझलेला ज्वालामुखी असावा असंच बहुतेकांना वाटे. तळाशी छिद्रं पाडून काढलेल्या खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच सापडली, आणि १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातल्या लेखाने उल्केचा दावा पक्का केला. विवर बेसाल्टमध्ये आहे, आणि याच गोष्टीमुळे जगभरचे अभ्यासक इथे येतात. चंद्रावरचे काळे सपाट प्रदेशही बेसाल्टचेच. तिथले आघात समजून घ्यायला आपला हा काळा पाषाण उपयोगी पडतो. वयाबद्दल मात्र अजून एकमत नाही. एका पद्धतीने वय ५२ हजार वर्षं निघतं, नंतरच्या दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार.

गावाकडे याची वेगळीच कथा आहे. लवणासुर नावाचा दैत्य इथे भूमिगत राहायचा, विष्णूने त्याला मारलं. त्या दैत्यसूदनाचं तारकाकृती तळाचं देऊळ गावात उभं आहे. अर्धा तास ठेवून तिथे जाऊ नका. भिंतींवरचं कोरीवकाम पाहताना वेळ कसा जातो कळत नाही. जवळच धारेवर गोमुखातून गोड्या पाण्याचा झरा वाहतो. वर गोडं पाणी आणि खाली खारं, हे नवल काठावरच पाहायला मिळतं.

आम्ही खाली उतरलो. उतारावर मोर ओरडत होते, माकडं होती. पाण्याजवळ आलं की झाडी विरळ होते, कुजलेल्या शेवाळाचा उग्र दर्प येतो आणि चिखलावर पांढरट खार दिसतो. पूर्वी इथून खार काढत. पापडी, दल्ला, खुप्पल अशी त्याच्या प्रकारांना नावं होती. काच आणि साबणासाठी तो जाई.

लेकीने लोहचुंबक काठच्या वाळूवर धरला. बारीक काळे कण त्याला केसांसारखे उभे चिकटले. तिने ते निरखले, बोटाने झटकून पुन्हा तिथेच सोडले. हे अभयारण्य आहे, इथून काही न्यायचं नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. मग तिने हळदीच्या कागदावर तळ्याच्या पाण्याचा एक थेंब सोडला. पिवळा कागद डोळ्यांदेखत लाल झाला. पाण्याचा सामू १० च्या आसपास आहे, म्हणजे पाणी अल्कधर्मी, हे ती पुस्तकात वाचून आली होती. आई पुढे वाकली आणि म्हणाली, "अगं, कुंकू असंच व्हायचं. हळदीला टाकणखार लावून." कोयरी उघडून तिने कुंकवाशेजारी तो कागद धरला. मग तिथेच, निरांजन न लावता, नातीच्या कपाळावर कुंकू लावून अक्षता टाकल्या. जंगलात ज्योत लावायची नाही, हे आईनेच ठरवलं.

जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं. खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवलं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. आता काळजी उलट दिशेची आहे. अलीकडे पाणी चढत काठच्या कमळजादेवीच्या देवळापर्यंत आलं आहे. गोडं पाणी आणि गावचं सांडपाणी जितकं मिसळेल, तितका हा खारेपणा फिका पडेल, आणि त्यावरच जगणारे जीव संपतील. सांडपाणी अडवणं हे यंत्रणांचं काम आहे आणि ते तातडीने व्हायला हवं.

आपल्या हातात जे आहे, ते आपण करू. मुलांना घेऊन जरूर जा, हिवाळ्यात जा. पहाटे पोहोचा, पायांत चांगले बूट घाला, प्यायचं पाणी सोबत ठेवा आणि कोणती वाट खुली आहे ते काठावर विचारूनच उतरा. फुगे, केक, प्लास्टिकच्या ताटल्या घरीच ठेवा, आणि वापरलेला हळदीचा कागदसुद्धा परत आणा. आमच्या लेकीने तो वहीत चिकटवून ठेवला आहे.