दारी तपासणी, उपचार मात्र दूर

बाळ जन्मल्यावर लगेच रडले नाही, फार लवकर जन्मले किंवा त्याची कावीळ हाताबाहेर गेली, तर वाढत्या मेंदूला इजा होऊ शकते. मग बाळ वेळेवर मान धरत नाही, पाय ताठरतात, टाचा टेकत नाहीत, घासही नीट गिळता येत नाही. यालाच सेरेब्रल पाल्सी म्हणतात.

अशा मुलांसाठी लातूरलगतच्या हरंगुळला ‘संवेदना’ हे सेरेब्रल पाल्सी विकसन केंद्र आहे. १९९३च्या भूकंपानंतर जनकल्याण समितीने हरंगुळला आपत्तीग्रस्त मुलांसाठी निवासी विद्यालय काढले. ‘संवेदना’ही तिचेच काम.

या आजारात मेंदूची इजा पुसता येत नाही. शरीराला नवी सवय लावता येते. फिजिओथेरपिस्ट आखडलेले स्नायू ताणून सैल करतात, बसायला आणि तोल सांभाळायला शिकवतात. ऑक्युपेशनल थेरपीत चमचा धरणे, बटण लावणे येते. वाचा उपचारात बोलण्याइतकेच चावण्या-गिळण्याकडे लक्ष असते. हे रोज, वर्षानुवर्षे करावे लागते. पहिल्या काही वर्षांत मेंदू सर्वाधिक घडत असतो, म्हणून सुरुवात जितकी लवकर तितका लाभ अधिक. खंड पडला तर स्नायू आखूड होतात, खुब्याचा सांधाही निखळू शकतो.

पण भूकंपग्रस्त किल्लारीहून लातूर चाळीस किलोमीटरच्या पुढे. मोठे झालेले मूल कडेवर घेऊन एसटीने जायचे, तर आईची त्या दिवसाची मजुरी बुडते. सोयाबीनच्या काढणीत तर घरातले कुणीच मोकळे नसते. फेऱ्या थांबतात त्या अशा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला. पथके अंगणवाडीत, शाळेत येऊन मुले तपासतात आणि गरज असलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीची स्वतंत्र नोंद आहे. थोडक्यात, तपासणी दारी येते. उपचारासाठी मात्र जिल्हा गाठावा लागतो.

हे अंतर कसे कापायचे, याचा धडा याच मातीत आहे. भूकंपानंतर दगडमातीची घरे मजबूत करताना ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहाय्यक उभ्या केल्या. भिंत कशी बांधून घ्यायची, हे त्या आधी शिकल्या आणि मग गावाला समजावू लागल्या. इंजिनिअर रोज येत नव्हता, पण त्याचे ज्ञान गावात मुक्कामाला राहिले.

उपचाराचेही तसेच व्हायला हवे. किल्लारीच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचा ठरलेला दिवस थेरपिस्टचा असावा. त्याने आईला आणि आशाताईला मुलाला कसे उचलायचे, बसवायचे, भरवायचे हे हात धरून शिकवावे. हरंगुळसारख्या केंद्राने त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि अवघड स्थितीतली मुले स्वतःकडे घ्यावीत. बावन्न गावे नव्याने वसवणाऱ्या या भागाला एवढी व्यवस्था उभारणे मुळीच अशक्य नाही.