पाटीवरचे अक्षर आणि ताटातले अन्न



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी कित्येकांच्या मनात आले असेल की, खानावळीच्या पाटीवरील अक्षराबद्दल व्याख्यान देण्यासारखे आहे तरी काय? पोट भरते ते भाकरीने, अक्षराने नव्हे. हे अगदी खरे. परंतु भाकरीची चव कळण्यापूर्वी गिऱ्हाइकाला दारात यावे लागते, आणि दारात येण्यापूर्वी ते पाटी वाचते. पाटी म्हणजे मालकाने रस्त्यावरून दिलेला शब्द होय. तो शब्द खरा की खोटा, हे ताट समोर आल्यावर ठरते.

समजा, आपल्या पुंडलिकनगरच्या रस्त्यावर एक गृहस्थ खानावळ काढीत आहेत. ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, चुलीवरचे मटण असा बेत. नाव ठरले ‘चूलभाकर’. कंदील आणले, बाजा मांडल्या, भिंती मातीच्या रंगाने सारवल्यासारख्या केल्या. पाटी मात्र शेवटच्या दिवसावर राहिली. फ्लेक्स छापणाऱ्याकडे जाऊन ते म्हणाले, “जरा गावरान दिसेल असा फॉन्ट लावा.” तेथील मुलाने संगणकावर दहा वळणे दाखविली, त्यांतले एक घाईने पसंत झाले. आता गावरान अक्षर म्हणजे नेमके कोणते, हा प्रश्न ना मालकाने स्वतःला विचारला, ना त्या मुलाने.

कायद्यामुळे हा प्रश्न आज अधिकच निकडीचा झाला आहे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. पाटीवर मराठी देवनागरीत आधी असावी, तिचे अक्षर इतर कोणत्याही लिपीतील अक्षरापेक्षा लहान नसावे, आणि हा नियम लहान दुकानांनाही लागू असावा, असे ठरले. जेथे मद्य मिळते तेथे महापुरुषांची अथवा गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई झाली. कायद्याने अक्षराचा आकार ठरविला; त्याचा स्वभाव ठरविणे मालकाच्या हाती आहे. यास्तव त्याने अक्षराच्या तीन परीक्षा घ्याव्यात, असे मी सुचवितो.

पहिली परीक्षा वाचनाची. पाट्या रंगविणारांचा एक ढोबळ हिशोब असतो: दर दहा फूट अंतरामागे अक्षराची उंची एक इंच. साठ फुटांवरून नाव वाचता यावयाचे असेल तर अक्षर सहा इंच हवे. आणि वेलांटी, मात्रा, उकार यांची जागा त्याहून निराळी. रोमन लिपीची पाटी मोजून तिच्या मापात देवनागरी कोंबली की उकार चेपतात आणि मात्रा चौकटीला टेकतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या संस्थेने ‘मोदक’ नावाचे गुबगुबीत वळण घडविले आहे. मोठ्या नावाला ते शोभते, पाहताच खाण्याची आठवण होते. परंतु त्याच वळणात पदार्थांची यादी बारीक छापली, तर अक्षरांची पोटे बुजून जातील. मोदक हा नैवेद्याचा पदार्थ. रोजचे जेवण त्यावर होत नाही.

याच परीक्षेत मराठीपणाही पाहावा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत, आणि राज्य शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरविताना त्यांचे रूप निश्चित केले आहे. ‘चूलभाकर’ या नावात नेमका ‘ल’ आहे! तो परक्या वळणाचा निघाला, तर बोट दाखविता येणार नाही, पण काही तरी खटकेल. दुसरे उदाहरण पाहा. मासळीच्या खानावळीचे नाव ‘दर्या’ म्हणजे समुद्र. अक्षरजुळणीत चूक होऊन ‘दऱ्या’ झाले, तर गिऱ्हाईक समुद्राऐवजी डोंगरात जाऊन पडेल.

दुसरी परीक्षा स्वभावाची. अक्षराला स्वभाव येतो तो हत्यारातून. तिरप्या कापलेल्या बोरूने लिहिले की रेघ कोठे जाड, कोठे बारीक होते; कुंचल्याने लिहिले की ती फुगते आणि निमुळती होते; खिळ्यात ओतले की ती आखीव होते. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तेथल्या खिळ्यांत बोरूचे वळण इतक्या निगुतीने उतरले की, तसे अक्षर दिसताच पोथी आणि पंचांग आठवावे. सात्त्विक थाळीच्या जागेला ते साजेल. झणझणीत रश्श्याला नव्हे. उलट, र. कृ. जोशी यांनी घडविलेले ‘मंगल’ हे अक्षर विंडोज संगणकांबरोबर कचेऱ्यांत पोहोचले आणि तेथे उत्तम काम करीत आले. पण तेच ‘चूलभाकर’वर लावले, तर भूक लागण्याऐवजी कर भरावयाचा राहिला की काय, अशी शंका येईल. दोष अक्षराचा नव्हे, जागेचा.

स्वभाव कसा उतरवावा हे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांच्याकडून शिकावे. वर्तमानपत्रातील नाटकाच्या इवल्याशा जाहिरातीत ते नाव असे रेखाटीत की, तिकीट काढण्यापूर्वीच नाटकाची जात कळावी. आणि तरीही नाव विनासायास वाचता यावे. मग ‘वाडा’ नावाच्या भोजनगृहाचे काय? मोडी लिपी सहज सुचते. ती देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याने प्रचारात आणली अशी परंपरा आहे, आणि ती देवगिरी आपल्या उशालाच आहे. परंतु आज मोडी वाचणारे थोडे. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिचे वळण आणि देवनागरी यांचा मेळ घालणारी मुक्तलिपी घडविली, हा मार्ग समंजस आहे. डौल मोडीचा घ्यावा, वाचन बाळबोधचे ठेवावे.

तिसरी परीक्षा सचोटीची, आणि ती सर्वांत कठीण. अमेरिकेत क्लीव्हलंड येथील खिळे ओतण्याच्या कारखान्याने १८८३ साली एक रोमन वळण काढले. कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखे तुकडे जोडून केलेल्या त्या अक्षराचे नाव होते ‘चायनीज’. पुढे ते ‘मँडरिन’ झाले. चिनी लेखनपरंपरेत असे अक्षर नाही. तरी अशी अक्षरे चिनी उपाहारगृहांच्या पाट्यांवर जगभर पसरली. परदेशांतील भारतीय उपाहारगृहांवरही रोमन अक्षरांना डोक्यावर रेघ देऊन ‘देवनागरी’चे सोंग आणलेले आढळते. आपली लिपी अशी बहुरूप्याच्या वेषात उभी पाहून आपणांला कसे वाटते?

तेच आपण घरी करू नये. नान खलिया हा या शहराचा मानाचा पदार्थ. परंपरा त्याचा संबंध महंमद तुघलकाच्या दौलताबादेशी जोडते. त्याच्या पाटीसाठी देवनागरीची शिरोरेषा वाकडी करून वर उगाच नुक्ते शिंपडले, तर ते ना मराठी राहते ना उर्दू. ज्या शहरात उर्दू लिहिणारे हात शेजारच्या गल्लीत आहेत, तेथे सोंग कशाला? मराठी स्वच्छ लिहावी आणि शेजारी जाणत्या हाताची खरी उर्दू असावी. दोन्ही लिपींचा मान राहतो आणि पदार्थाचाही.

मग आपल्या ‘चूलभाकर’च्या मालकांनी काय करावे? नावासाठी कुंचल्याचे, थोडे जाड, मोकळ्या पोटाचे मराठी वळण घ्यावे. शक्य तर एखाद्या जुन्या पेंटरकडून लिहून घ्यावे. यादीसाठी दुसरे, साधे वळण, आणि दोनांवर तिसरे नको. अक्षर वापरण्याचा परवाना पाहावा. कित्येक चांगली वळणे मोफतही मिळतात. पाटी टांगण्यापूर्वी कागदावर पूर्ण मापात लिहून रस्त्यापलीकडून वाचावी, एकदा दिवसा आणि एकदा दिवे लागल्यावर. यादी आपल्या आईच्या हाती देऊन चष्म्याशिवाय वाचवून घ्यावी. आणि शेवटी स्वयंपाकघरात जाऊन पाहावे: खरोखर चूल आहे काय? गॅसवरच रांधावयाचे असेल, तर धुराने माखलेले अक्षर पाटीवर नको.

श्रोतेहो, उत्तम अक्षराने बेचव भाकरी गोड होत नाही. पण प्रामाणिक भाकरीवर खोटे अक्षर आले, तर चांगल्या सुगरणीचेही दार ओस पडते. उद्या रस्त्याने जाताना चार पाट्या थांबून वाचाव्यात आणि प्रत्येकीने काय कबूल केले आहे ते पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.